हुकूम न ऐकणारी फौज : मध्ययुगीन चकमकीचा टेबलावरचा खेळ शिकताना

कातळसडा (रत्नागिरी तालुका)

नमस्कार मंडळी.

गेले दोन पावसाळे मी आणि माझा भाचा आमच्या पडवीत मध्ययुगीन लढाईचा एक खेळ खेळत आहोत. चार फूट लांबी-रुंदीच्या प्लायवर हिरवट कापड अंथरायचे, त्यावर जांभ्याच्या कपच्यांचे कातळ आणि काथ्याची झाडी मांडायची, बोटाच्या पेराहून थोडे उंच शिपाई दोन बाजूंना उभे करायचे आणि मेजरटेप व फासे घेऊन लढाई सुरू करायची, असे त्याचे बाहेरून दिसणारे रूप आहे. गणपतीत घरी आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने हा बुद्धिबळाचाच प्रकार आहे का असे विचारले आणि आरतीच्या गडबडीत उभ्या उभ्या उत्तर देताना मुख्य गोष्ट सांगायची राहून गेली. ती नीट सांगावी आणि कोकणात आणखी कोणी हा खेळ खेळत असेल किंवा शिकू इच्छित असेल तर त्याची गाठ पडावी, म्हणून हा धागा काढत आहे.

बुद्धिबळात आपण उचललेला घोडा आपण ठेवू त्या घरात बसतो. या खेळात मात्र तुकडीला हुकूम द्यावा लागतो आणि तुकडी तो ऐकेलच असे नाही. आम्ही खेळतो त्या नियमावलीचे नाव ‘लायन रॅम्पंट’. डॅनियल मर्सी यांनी लिहिलेली ही नियमावली ऑस्प्रे या ब्रिटिश प्रकाशनसंस्थेने २०१४ मध्ये काढली आणि २०२२ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. आम्ही पहिल्या आवृत्तीवर शिकलो, त्यामुळे खालचे आकडे त्या आवृत्तीतले आहेत. प्रत्येक खेळाडू २४ पॉइंटांचे पथक उभारतो. चिलखती घोडेस्वारांच्या तुकडीत ६ शिपाई असतात आणि तिला ६ पॉइंट लागतात. भालेवाल्या पायदळाच्या किंवा तिरंदाजांच्या तुकडीत १२ शिपाई असतात आणि तिला ४ पॉइंट पुरतात. पुढे जाऊन छेडाछेड करणारे हलके शिपाई सहाच्या तुकडीत येतात आणि त्यांचे फक्त २ पॉइंट होतात.

आपली पाळी आली की आपण एका तुकडीचे नाव घेतो, ती काय करणार ते सांगतो आणि दोन फासे टाकतो. भालेवाल्यांना चालायला लावायचे असेल तर बेरीज ५ किंवा जास्त पडावी लागते, तिरंदाजांना बाण सोडायला लावायचे असेल तर ६ किंवा जास्त. बेरीज पुरेशी पडली तर ते काम होते आणि आपण पुढच्या तुकडीकडे वळतो. ती कमी पडली तर ते काम तर होत नाहीच, पण आपली पूर्ण पाळी तिथेच संपते आणि ज्यांचे नाव अजून घेतलेले नाही त्या सगळ्या तुकड्या जागच्या जागी उभ्या राहतात. माझ्या मते संपूर्ण खेळाचा प्राण या एका नियमात आहे. नवा माणूस त्यावर चिडतो. आम्हीही पहिले चार-पाच डाव चिडतच खेळलो.

मग एका रात्री वीज गेलेली असताना कंदिलाच्या उजेडात भाच्याने पाटीवर हिशोब मांडला. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ३० वेळा बेरीज ५ किंवा जास्त येते, ६ किंवा जास्त २६ वेळा येते आणि ७ किंवा जास्त २१ वेळा. म्हणजे सोपा हुकूम सहांपैकी पाच वेळा ऐकला जातो. पण असे तीन सोपे हुकूम लागोपाठ ऐकले जाण्याची शक्यता २१६ पैकी १२५, म्हणजे शंभरात सुमारे ५८ एवढीच उरते आणि ७ च्या एका अवघड हुकुमाची शक्यताही तेवढीच आहे. हे पाटीवर पाहिल्यानंतर आमचे खेळणेच बदलले. तोवर आम्ही डावीकडून उजवीकडे, दिसतील तशा तुकड्या हलवीत होतो. आता प्रत्येक पाळीच्या आरंभी दोघेही थांबतो आणि आज एकच हुकूम ऐकला जाणार असेल तर तो कोणता असावा, हे मनाशी ठरवून मगच फासे उचलतो.

लढण्याचा हिशोबही असाच बोलका आहे. निम्म्याहून अधिक शिपाई उभे असलेली तुकडी १२ फासे टाकते आणि निम्म्यावर आलेली ६. तिरंदाजांचा बाण ५ किंवा ६ पडला की लागतो, म्हणजे १२ फाशांत सरासरी ४ बाण लागतात. चिलखती स्वाराचे चिलखत ४ आहे, म्हणजे चार बाण लागतील तेव्हा एक स्वार पडतो. तिरंदाजाचे चिलखत २ आहे, म्हणजे तेवढ्याच बाणांत दोन तिरंदाज पडतात. आता तीच तिरंदाजांची तुकडी निम्म्यावर आली की सरासरी दोनच बाण लागतात आणि स्वारांचे काहीच बिघडत नाही. माणसे निम्मी झाली की अशा वेळी तुकडीचा उपयोग निम्माही उरत नाही, हे पहिल्यांदा लक्षात आले तेव्हा आम्ही दोघेही थोडा वेळ त्या टेबलाकडे पाहत बसलो होतो.

माणसे पडली की धीराची कसोटी येते. दोन फाशांच्या बेरजेतून झालेले नुकसान वजा करायचे. उरलेला आकडा पुरेसा नसेल तर तुकडी विस्कळीत होऊन मागे हटते आणि सावरेपर्यंत तिला दुसरा कोणताही हुकूम देता येत नाही. आमच्या डावांत मेल्यामुळे संपलेल्या तुकड्यांपेक्षा पळून संपलेल्या तुकड्या नेहमीच जास्त असतात.

एक प्रसंग सांगतो. गेल्या आषाढात भाच्याचे चिलखती स्वार माझ्या भालेवाल्यांपासून नऊ इंचांवर येऊन उभे होते. स्वारांची धाव १० इंचांची. भालेवाले भाले बाहेर काढून खेटून, गोल करून उभे होते. या रचनेला नियमावलीत शिल्ट्रॉन म्हणतात आणि स्कॉटलंडच्या पायदळाने १३१४ च्या जूनमध्ये बॅनकबर्नला इंग्लिश घोडदळासमोर हीच रचना वापरली होती. भाच्याला तिथे स्वार घालायचे नव्हते. त्याचे तिरंदाज आधी माझी रांग पातळ करणार होते. पण या स्वारांना ‘बेभान चाल’ नावाचा नियम लागू आहे: शत्रू टप्प्यात असेल तर पाळीच्या सुरुवातीला त्यांच्यासाठी फासे टाकावेच लागतात आणि ५ किंवा जास्त पडले तर ते हल्ला करतातच. त्याला ८ पडले. स्वार भाल्यांवर गेले, दोन पडले आणि उरलेले विस्कळीत होऊन मागे आले. तो एवढेच म्हणाला, “मामा, मी हुकूम दिलाच नव्हता.”

त्याला मी त्या रात्री कूर्त्रेची लढाई सांगितली. आजच्या बेल्जियममधल्या फ्लँडर्समध्ये ११ जुलै १३०२ रोजी फ्रेंच सेनापतीने पुढे सरकलेले आपलेच पायदळ मागे बोलावले आणि ओहोळांनी चिरलेल्या जमिनीवरून आपले सरदार घोड्यांसह फ्लेमिश पायदळावर घातले. तो दिवस पायदळाने जिंकला. नियम लिहिणाऱ्याने या स्वारांना चालण्याचा हुकूम ७ वर आणि हल्ल्याचा ५ वर का ठेवला असेल, ते अशा लढाया वाचल्यावर समजते. मानी सरदाराला चढाईला सांगणे सोपे होते, थांबायला सांगणे अवघड.

खाडीपलीकडे (दापोली)

सविस्तर लेखाबद्दल मनापासून आभार. वाचून शिकायची इच्छा झाली आहे, पण ४०-५० शिपाई जमवण्याची तयारी अजून नाही. निम्म्या पथकावर सुरुवात करता येईल का? आणि शिपाई कुठून आणायचे? परदेशातून मागवायचे म्हटले तर खर्च आवाक्याबाहेर जातो.

कातळसडा

निम्म्यावर सुरुवात करता येते. किंबहुना तशीच करावी, असे मी आग्रहाने सांगेन. प्रत्येकी १२ पॉइंट घ्या: चिलखती स्वारांची एक तुकडी, भालेवाल्यांची एक आणि हलक्या शिपायांची एक. सहा, बारा आणि सहा मिळून एका बाजूला २४ शिपाई होतात. पहिल्या दोन डावांत सरदारांचे गुणदोष, लढाईआधी मारायच्या बढाया आणि सरदारांची द्वंद्वे हे सगळे बाजूला ठेवा. फक्त चालणे, बाण, हातघाई आणि धीर एवढेच खेळा. बढाया मात्र तिसऱ्या डावात जरूर घ्या, कारण ‘आज शत्रूचा सरदार माझ्या हातून पडेल’ असे आधी बोलून दाखवायचे आणि ते खरे केले तर मान मिळवायचा, न केले तर गमवायचा, या गोष्टीने घरातले बघे टेबलाजवळ येऊन बसतात.

आणखी एक सूचना करतो. दोन तुकड्यांमध्ये तीन इंचांचे अंतर राखावे लागते, हल्ला करताना तेवढे ते मोडता येते. नवशिक्या माणसाकडून हा नियम सर्वांत जास्त विसरला जातो आणि मग सगळा खेळ एका ढिगाऱ्यात होतो. आम्ही तीन इंचांची एक बांबूची कामटी कापून ठेवली आहे. टेपपेक्षा ती हाताला सोपी जाते.

शिपायांबद्दल सांगायचे तर विकतचे धातूचे किंवा प्लॅस्टिकचे २८ मिलिमीटरचे शिपाई सुंदर असतात, आमच्याकडेही थोडे आहेत. पण आमचे पहिले पूर्ण पथक जाड कागदावर छापून, दुमडून, कापून केलेले होते. दुसरे लाकडाचे. सावंतवाडीला चितार आळीत लाकडी खेळणी करणाऱ्या एका कारागिराकडून मी बारीक कातलेल्या सोंगट्या करून घेतल्या, डोके गोल आणि खांदे थोडे रुंद. लाकूड हलके असल्याने पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा त्या कलंडत, म्हणून प्रत्येकीच्या तळाला एकेक लोखंडी वायसर चिकटवला. याच गावात १२० पानांची दशावतारी गंजिफा रंगवली जाते आणि खेळाची एक वस्तू हाताने घडवण्याला तिथे किती वेळ दिला जातो ते पाहून आल्यापासून आमच्या सोंगट्याही आम्ही घाईने रंगवत नाही.

शाडूचा हात (पेण)

रंगकामाबद्दल लिहिते. आमची गणपतीची चित्रशाळा आहे आणि लहानपणापासून माझा हात मूर्तींवर बसलेला आहे. माझ्या मुलाने असे शिपाई आणले तेव्हा मला वाटले की यात नवीन काय असणार. पण दोन्ही कामांत काही बाबतीत क्रम अगदी उलटा निघाला आणि तो सांगण्याजोगा आहे.

मूर्तीच्या डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी होते आणि ती घरातला सर्वांत जाणता हात करतो. एवढ्याशा शिपायाचे डोळे मात्र आधी करावेत. गडद तपकिरी रंगाची एक आडवी रेघ, तिच्यावर पांढऱ्याचे दोन ठिपके, त्यांत काळ्याचा नुसता स्पर्श. हात चुकला तर हरकत नाही, कारण त्यानंतर चेहऱ्याचा रंग लावताना चारही बाजूंनी डोळा कापून नीट करता येतो. शिरस्त्राणाखाली चेहरा झाकलेला असेल तर डोळे काढूच नयेत; भुवईखाली गडद सावली दिली की दोन फुटांवरून तो शिपाई बघत असल्यासारखा दिसतो.

रंग पातळ असावा. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात नेहमी चांगले, कारण कडीच्या चिलखतातल्या बारीक खळग्या जाड रंगाने बुजतात. चांदी रंग पूर्ण वाळला की काळसर तपकिरी रंगाचे पाणी वरून सोडावे. ते आपोआप खळग्यांत जाऊन बसते आणि एकेक कडी सुटी दिसू लागते. हे पहिल्यांदा करताना मी श्वास रोखून पाहत होते.

पावसाळ्यात फवाऱ्याचे वॉर्निश वापरू नका. माझ्या मुलाने श्रावणात अंगणाच्या कडेला उभे राहून १२ स्वारांवर ते मारले आणि सकाळी सगळ्यांवर दुधाच्या सायीसारखी पांढरी झाक आलेली होती. हवेतला ओलावा वाळत्या थरात अडकला की असे होते. चकचकीत वॉर्निशचा एक पातळ हात ब्रशने दिल्यावर ती झाक बरीचशी गेली, पण काळ्या घोड्यांवरची पूर्ण गेली नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाण्यात मिसळणारे वॉर्निश ब्रशनेच लावावे आणि तेही उघडीप असेल त्या दिवशी, घरात.

सुरंगी (गुहागर)

मी शिक्षिका आहे. धागा आवडला, पण एक प्रश्न मनात आहे आणि तो सरळ विचारते. नववी-दहावीच्या मुलांच्या हाती लढाईचा खेळ द्यावा का? मोबाइलवरच्या गोळीबारापेक्षा हा वेगळा कसा?

कातळसडा

बाई, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि माझ्या बहिणीनेही तो विचारला होता. मी जे पाहिले ते सांगतो. या खेळात कोणीही एका शिपायाच्या जागी बसत नाही. मुलगा ३० ते ६० माणसांची जबाबदारी घेऊन बसतो आणि त्याच्या चुकीने ती माणसे एकेक करून टेबलाच्या कडेला ठेवावी लागतात. आमच्याकडे पडलेले शिपाई आडवे टाकत नाहीत, कडेला ओळीने उभे करतात आणि डावाच्या शेवटी मोजतात. दोन तासांच्या डावात भाचा जास्तीत जास्त वेळ विचार करीत असतो. शिवाय तो आपणहून वाचू लागला आहे. ब्रिटनीत, म्हणजे फ्रान्सच्या वायव्य टोकाला, २६ मार्च १३५१ रोजी जोस्लँ आणि प्लोएर्मेल या दोन किल्ल्यांच्या मधोमध दोन्ही बाजूंचे ३०-३० योद्धे आधी ठरवून लढले होते. ती हकिकत मी नव्हे, त्याने मला सांगितली. एवढी छोटी लढाई प्रत्येक माणसाला एक सोंगटी देऊन मांडता येते, हेही त्याचेच म्हणणे.

सुरूचे बन (अलिबाग)

मी ‘सागा’ खेळतो, म्हणून थोडी तुलना करतो. स्टुडिओ टॉमाहॉक या फ्रेंच संस्थेने तो २०११ मध्ये काढला आणि २०१८ पासून त्याची दुसरी आवृत्ती चालू आहे. एका पॉइंटात ४ निवडक रक्षक, ८ योद्धे किंवा १२ साधे गावकरी मिळतात. प्रत्येक समाजाचा स्वतःचा एक तक्ता असतो आणि खास चिन्हांचे फासे त्या तक्त्यावर मांडून हुकूम व डावपेच विकत घ्यायचे असतात. तिथे हुकूम फसत नाही, माणसे थकतात. एकाच तुकडीला पुन्हा पुन्हा राबवले की तिच्यावर थकव्याची खूण चढते आणि ती खूण शत्रू आपल्या फायद्यासाठी वापरतो. ज्याला फाशांच्या लहरीपेक्षा आपल्या आखणीवर खेळायचे आहे त्याने सागा घ्यावा. मात्र नवख्याला तक्ता वाचायला वेळ लागतो, त्यामुळे शिकण्यासाठी मूळ लेखातला खेळ अधिक सोपा आहे, हे मलाही मान्य आहे.

देवरहाटी (संगमेश्वर)

सर्व प्रतिसाद वाचले. मला एक वेगळी गोष्ट सुचवायची आहे. कूर्त्रे आणि बॅनकबर्न जरूर खेळावेत, पण या खेळाला शोभणारी एक मध्ययुगीन लढाई आपल्या सह्याद्रीतच झालेली आहे. १४५३ मध्ये बहमनी सुलतान दुसऱ्या अलाउद्दीनाचा सेनापती मलिक-उत्-तुज्जार खलफ हसन याची फौज कोकणच्या मोहिमेवर होती. शिर्के या स्थानिक सरदारांनी त्याला खेळणा किल्ल्याच्या, म्हणजे आजच्या विशाळगडाच्या, शंकररायाकडे नेणारी वाट दाखवण्याचे कबूल केले. फिरिश्ता या फारसी इतिहासकाराच्या हकिकतीप्रमाणे पहिले दोन दिवस वाट बरी होती आणि तिसऱ्या दिवशी फौज अशा दाट रानात शिरली की तिथे घोडदळाला पसरायला जागा नव्हती. सेनापती स्वतः आजारी होता. रात्री शंकररायाची माणसे चालून आली आणि सेनापतीसह ती फौज कापली गेली.

मी विशाळगडाच्या कोकणाकडच्या पायथ्याला, प्रभानवल्लीच्या बाजूला पुष्कळ फिरलो आहे. आज तिथली झाडी पूर्वीची राहिलेली नाही, तरी पावसाळ्यानंतर त्या वाटांवर दोन माणसे शेजारी शेजारी चालू शकत नाहीत. तिथे घोडेस्वारांची फौज अडकली म्हणजे काय झाले असेल, हे उभे राहून पाहिल्यावर कळते.

फक्त एक अडचण आहे. नियमावलीतले तुकड्यांचे प्रकार युरोपचे आहेत. ते इथे जसेच्या तसे चालतील का?

कातळसडा

हा प्रतिसाद मी तीनदा वाचला. ही लढाई माझ्या नजरेतून इतकी वर्षे सुटली याची रुखरुख वाटते.

प्रकारांबद्दल माझे मत असे आहे की नावे युरोपची असली तरी आतला हिशोब माणूस कसा लढतो याचा आहे. झाडीत शिरलेल्या घोडेस्वारांची चाल अर्धी होते आणि लढण्याचा जोर उतरतो, हा नियम जसा ब्रिटनीत तसाच आंबा घाटात लागू पडतो. नियमावलीत ‘उग्र पायदळ’ नावाचा ४ पॉइंटांचा प्रकार आहे. त्याचे चिलखत हलके, पण झाडीत त्याचा जोर कमी होत नाही. शंकररायाच्या माणसांसाठी तो आणि हलके शिपाई, एवढ्यावर भागते. नवे नियम रचण्याचा मोह मी टाळेन. फक्त एक बदल करीन: सरदारापासून १२ इंचांच्या आत असलेल्या तुकड्यांना धीराच्या कसोटीत एक गुण अधिक मिळतो, तो बहमनी बाजूला द्यायचा नाही, कारण सेनापती आजारी आहे.

पथके अशी मांडता येतील. बहमनी बाजूला चिलखती स्वारांची एक तुकडी, हलक्या चिलखताच्या स्वारांच्या दोन, तिरंदाजांची एक, भालेवाल्यांची एक आणि वाटाड्यांची म्हणून हलक्या शिपायांची एक. सहा, आठ, चार, चार आणि दोन मिळून २४ पॉइंट होतात. शंकररायाकडे उग्र पायदळाच्या तीन, हलक्या शिपायांच्या चार आणि तिरंदाजांची एक. बारा, आठ आणि चार मिळून पुन्हा २४.

शिपायांचा पोशाख कसा दाखवावा?

देवरहाटी

पोशाखासाठी आपल्या देवळांच्या आवारातले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळा, पाहावेत. वीरगळ खालून वर वाचायचा असतो: तळाच्या चौकटीत लढाई, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा आणि शेवटी शिवपूजा. आमच्याकडच्या शिळांवरचा वीर बहुधा ढाल-तलवार घेऊन पायीच लढताना दिसतो. बोरिवलीजवळच्या एकसरला वल्ह्यांच्या नौकांची लढाई कोरलेले वीरगळ आहेत. ते १४५३ पेक्षा बरेच जुने, पण माणसाचे उभे राहणे, ढाल धरणे आणि केस बांधणे रंगवणाऱ्याला त्यातून चांगले समजते. उघडे अंग, कमरेला घट्ट वस्त्र, गोल ढाल, एवढे केले तरी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने कोण कोणता ते ओळखू येईल.

कातळसडा

मंडळी, गेल्या रविवारी खेळणा किल्ल्याची लढाई मांडली. देवरहाटी स्वतः संगमेश्वराहून आले होते. भाच्याने बहमनी फौज घेतली, मी शंकररायाची आणि देवरहाटींनी नियम सांभाळले. ७२ शिपाई माझ्याकडे तयार नव्हते, त्यामुळे उग्र पायदळाच्या दोन तुकड्या कागदाच्या होत्या. काथ्या पिंजून, हिरव्या-तपकिरी रंगात बुडवून सगळे टेबल झाडीने भरले आणि मधून सहा इंच रुंदीची एक वाकडी वाट सोडली. दोन तुकड्या वाटेच्या पलीकडच्या टोकाने बाहेर पडल्या तर बहमनी बाजू जिंकली, असे ठरले होते.

माझी पहिली पाळी पहिल्याच फाशावर संपली. हलक्या शिपायांना बाण सोडायला सांगितले आणि बेरीज ३ पडली. दबा धरून बसलेले सगळे रान गप्प राहिले. भाच्याला ही संधी होती, पण त्याने मानाची जागा म्हणून चिलखती स्वार रांगेच्या अगदी पुढे ठेवले होते आणि त्यांना चालण्याचा हुकूम ७ वर असतो. पहिल्या पाळीत ५ पडले, दुसऱ्या पाळीत ६. मागच्या सगळ्या तुकड्या तीन-तीन इंच सोडून ओळीने उभ्या. वाट अडलेली, बाजूला झाडी. तिसऱ्या पाळीत त्याने आधी मागच्या हलक्या स्वारांना झाडीतून बाजूने काढायचा प्रयत्न केला, ते अर्ध्या चालीने तीन-चार इंच सरकले आणि तिथेच माझ्या उग्र पायदळाने त्यांना गाठले. सहापैकी चार स्वार पडले आणि धीराच्या कसोटीत उरलेले दोघे पळाले. त्या वेळी त्याने फासे खाली ठेवले आणि म्हणाला, “मामा, भालेवाले पुढे असते तर फौज निघाली असती. ते ५ वर चालतात.”

त्याचे म्हणणे बरोबर होते. आम्ही सगळे पुन्हा मांडून, भालेवाले पुढे आणि चिलखती स्वार मध्ये ठेवून त्याच दुपारी दुसरा डाव खेळलो. या वेळी रांग सतत सरकत राहिली, भालेवाले निम्म्यावर आले तरी सावरले आणि सहाव्या पाळीत एक तुकडी बाहेर पडलीसुद्धा. दुसरी वाटेच्या टोकापासून चार इंचांवर विस्कळीत झाली आणि अंधार पडल्याने आम्ही तिथे थांबलो. सेनापतीच्या आजारपणामुळे काढून घेतलेला एक गुण तिला मिळाला असता तर ती विस्कळीत झाली नसती, हे देवरहाटींनी फासे उचलण्याआधीच दाखवून दिले.

एक दुरुस्ती नक्की करावी लागेल. चार फुटांच्या टेबलावर सहा तुकड्यांची रांग अर्धे टेबल व्यापते आणि वाट फार लवकर संपते. पुढच्या वेळी आम्ही माळ्यावरची दोन जुनी दारे जोडून लांबी आठ फुटांपर्यंत नेणार आहोत. खाडीपलीकडे आणि सुरूचे बन, दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी आपण येऊ शकत असाल तर इथेच कळवावे. शिपाई दोन्ही बाजूंचे आहेत. मेजरटेप मात्र आणखी एक हवी, आमची समुद्राच्या हवेने गंजून अर्ध्यात अडकते.